राजांची परतीची वाट

ब्रेझो दास गार्सास,
डिसेंबरचा पहिला रविवार

प्रिय दिविनो,

तुझं कार्ड मिळालं आणि फोटोही मिळाला. मिशी ठेवलीस ते चांगलं केलंस की वाईट, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हा कोण फौजदार? आपल्याकडे चोरीबिरी झाली की काय?" मी म्हटलं, "बाबा, हा दिविनो." तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही डोकं माझंच फिरलंय. म्हणाले, "दिविनोला मिशी? अगं, त्याला अजून नाक पुसायचं कळत नाही." मग दिवसभर तो फोटो खिशात घालून फिरले आणि दिसेल त्याला दाखवत सुटले. शेजारच्या युफ्राझियाकाकूंना सांगितलं की हा साओ पाउलोचा मोठा अधिकारी आहे आणि खास बाबांचं गाणं ऐकायला येतोय. काकूंनी मान डोलावली आणि अधिकाऱ्याला जेवायला काय आवडतं ते विचारलं. तर तू आता अधिकारी आहेस आणि तुला कोंबडी आणि भेंडी आवडते, एवढं लक्षात ठेव.

कार्डावर तू लिहितोस, 'घरी सर्वांना नमस्कार.' घरात आम्ही दोघंच आहोत रे. त्यातली एक मी. 'सर्वां'मध्ये उरलेलं जे एक नाव आहे ते लिहिताना तुझी पेन्सिल अडते, हे मला तीन वर्षं दिसतंय. तिसरा नाताळ तुझ्याविना येतोय. का, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. आपल्या घरात बोलायचं काम बाबांनी एकट्याने केलं आणि आपण दोघं आईवर गेलो. पण आज मी लांबलचक लिहायला बसले आहे. शिलाईचं मशीन झाकून ठेवलंय. तूही कॉफी करून घे आणि नीट बस.

आधी त्यांची तब्येत. अंगाने बरे आहेत. दोन वेळा जेवतात, घेवडा-भात, पाल्याची भाजी, अंडं. काठी घेऊन चालतात, पाय अजून फाकून टाकतात, पण पडत नाहीत. तीन वर्षांत काशासाचा, त्या उसाच्या दारूचा, थेंब तोंडात गेलेला नाही आणि त्याचं श्रेय सगळ्या गावाला आहे. बाबा दुकानात गेले आणि ग्लास मागितला की दुकानदार म्हणतो, "अहो, तुमचं सकाळीच झालं की." बाबा थोडा विचार करतात. आठवत तर नाहीच. मग मोठ्या माणसासारखं म्हणतात, "हो का? मग राहू दे, अती बरं नाही." आणि उठून घरी येतात. सुरुवातीला मला हे फसवणं पटत नव्हतं. आता मीच दुकानदाराला दर ईस्टरला एक शर्ट फुकट शिवून देते.

एक खोड मात्र गेली नाही. घोट घेण्याआधी पहिला थेंब संतासाठी जमिनीवर सांडायचा, ती. हातात काशासाऐवजी कॉफी असते, पण हात तेच करतो. माझ्या घासूनपुसून ठेवलेल्या फरशीवर त्यांच्या खुर्चीपाशी काळा डाग पडला आहे, तो निघत नाही. इतकी वर्षं बाबांच्या हातून त्या संताने एवढी पचवली आहे की त्याचंही यकृत काही ठीक नसणार. आता निदान कॉफीवर आलाय बिचारा.

आणि डोकं. डोक्याचं असं आहे दिविनो, की आई गेलेली त्यांना आठवते, आपली गाय विकलेली आठवते, तू नदीत बुडता बुडता वाचलास ते आठवतं. त्यानंतरचं सगळं पुसट होत होत कुठेतरी थांबतं. नवीन काही टिकत नाही. मी खोलीतून बाहेर जाऊन परत आले की मला नव्याने भेटतात. त्यांच्या लेखी तू बारा वर्षांचा आहेस आणि उद्या सहा जानेवारी, तीन राजांचा दिवस आहे. रोज उद्या राजांचा दिवस असतो. रोज सकाळी मला विचारतात, "पोरगा कुठे गेला?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच देतात. कधी त्यांनी तुला व्हियोलाच्या तारा आणायला पाठवलेलं असतं. कधी तू ओढ्यावर मासे धरतोयस. एकदा तुला बिशपने जेवायला बोलावलं होतं आणि तू जाताना त्यांचे बूट घालून गेला होतास, म्हणून ते अनवाणी बसले होते. बूट पायातच होते.

पहिल्या वर्षी मी भांडायची. "बाबा, दिविनो मोठा झाला, साओ पाउलोला बेकरीत कामाला आहे." त्यांचं तोंड उतरायचं. घाबरायचे, हातातली वस्तू खाली ठेवायचे, आपण कुठे आहोत ते बघायचे, आणि पाच मिनिटांत सगळं विसरून पुन्हा विचारायचे. मग मी पुन्हा सांगायची, ते पुन्हा घाबरायचे. यात कुणाचं भलं होत होतं? डॉक्टर इव्होनींनी मला समजावलं की ते खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. यांना मध्ये भोक दिसतं आणि मेंदू आपला हाताला येईल ते ठिगळ लावतो. ठिगळाचं म्हटल्यावर मला कळलं, कारण मी जन्मभर तेच करते.

आणि मला वाटतं, बाबांना ठिगळं लावणं इतरांपेक्षा सोपं जातं. आठवतं ना, राजांच्या फेरीत ते काय करायचे? दारात उभे राहायचे, एका नजरेत घर बघायचे. अंगणात खुरडणारी कोंबडी, खाटेवरची म्हातारी, नवीन लावलेलं दार. आणि लगेच सगळ्याचं कडवं करून गायचे, यमकासकट. घरधनीण रडायची आणि डुकराची तंगडी आणून द्यायची. आपला गुमेरसिंदो मागून झांज बडवत म्हणायचा, "दादा, पुढच्या घरी थोडं कमी रडवा, ओझं उचलवत नाही." आता गावातल्या दारांऐवजी ते त्या भोकाच्या दारात उभे राहतात, एवढंच.

फेरीचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुझा ताप डोक्यात गेला होता, त्या वर्षी आई नुकतीच गेली होती. बाबांनी राजांच्या निशाणापुढे गुडघे टेकून नवस केला, पोरगा उठला तर सात वर्षं फेरी काढीन आणि सातव्या वर्षी निशाण त्याच्या हातात देऊन आपल्या घरी पोचवीन. तू उठलास. नाताळपासून राजांच्या दिवसापर्यंत आपण घरोघर फिरायला लागलो. प्रत्येक घरी कॉफी, प्रत्येक घरी मक्याचा केक आणि प्रत्येक घरी म्होरक्याला ग्लास. नको कसं म्हणणार? निशाण दारात आल्यावर घराने दिलेलं परत करायचं नसतं. पहिल्या वर्षी ते घरी येऊन नुसते झोपायचे. पुढे पुढे फेरी संपली तरी ग्लास संपेना. त्यांना आईची जागा भरायची होती असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, आधी दुःख होतं आणि नंतर नुसती सवय होती, आणि सवयीला कारण लागत नाही.

त्यांचा तो नियम आठवतोय का? आल्या वाटेने परत जायचं नाही. तिघे राजे गोठ्यातल्या बाळाला बघायला एका वाटेने आले आणि तिथल्या दुष्ट राजाच्या शिपायांना चुकवून दुसऱ्या वाटेने घरी गेले, म्हणून आपणही तसंच करायचं. ऐन नाताळातल्या पावसाने रस्त्याचा लगदा झालेला असायचा, घर समोर दिसायचं, पण बाबा सगळ्यांना डोंगराला वळसा घालायला लावायचे. एकदा काट्यातून येताना तू भोकाड पसरलं होतंस आणि फेरीतल्या सोंगाड्याने आपला मुखवटा तुझ्या तोंडावर बांधला, तर तू अजूनच घाबरलास. मी त्या वेळी म्हटलं होतं की राजांना काय, ते उंटावर होते.

आता ज्यासाठी बसले आहे तिकडे येते. सातवं वर्ष.

त्या वर्षी काय काय होत होतं ते तू विसरला असशील, म्हणजे तुला फक्त शेवटचा दिवस आठवत असेल. मला सगळं आठवतं. पावसाळ्याच्या आधीपासून बाबा जेवत नव्हते. मी ताट ठेवायची, ते कुत्र्याला घालायचे आणि मला वाटायचं जेवले. पाय बधिर झालेत म्हणायचे. होडीत चालल्यासारखे पाय फाकून चालायचे आणि दुकानातले लोक हसायचे. गुमेरसिंदो तर त्यांच्यामागे तसाच चालून दाखवायचा आणि बाबाही हसायचे. नोव्हेंबरात सराव करताना युफ्राझियाकाकूंच्या दारात त्यांनी एकच कडवं दोनदा गायलं, तेव्हा काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या बापाची गाडी रुळावरून उतरतेय गं." मी म्हटलं, पितात ना, म्हणून. सगळ्याला आमचं एकच उत्तर होतं. पितात, म्हणून तोल जातो. पितात, म्हणून ओकतात. पितात, म्हणून विसरतात. त्या उत्तरामागे आणखी काही असेल हे कुणाला सुचलं नाही.

आणि राजांचा दिवस. दुपार होती, मंडप भरला होता, अख्खं गाव जेवायला बसलं होतं. निशाण तुझ्या हातात देता देता बाबा खांबाला धरून उभे राहिले. त्यांचे डोळे आठवतात? बुबुळं आपोआप हलत होती. मला म्हणाले, "इदालिना, दोन दोन निशाणं का आणलीत?" दोन दिवस त्यांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, म्हणजे दारूसुद्धा नव्हती, पण कुणाला खरं वाटणार? सगळे एका सुरात म्हणाले, फार झाली, ग्लुकोज चढवून आणा. कुणीतरी उसाच्या रसाचा तांब्या पुढे केला, तोही त्यांना पाजला. तो मी धरला होता की काकूंनी, ते मला आता आठवत नाही. आपल्याकडे पिऊन पडलेल्याला दुसरं काय करतात? लग्न असो की मयत, एखादा आडवा झाला की आरोग्य केंद्रात न्यायचं, बाटली लावायची, संध्याकाळी तो चालत परत. दुकानदाराला लावलीय, गुमेरसिंदोला तर इतक्यांदा लावलीय की तिथली एक खाट त्याच्या नावाची आहे.

गाडी मिळेना, सगळे गाडीवाले मंडपात लोळत होते. तू निशाण गुमेरसिंदोच्या हातात दिलंस, बाबांना पाठीवर घेतलंस आणि निघालास. पुलापर्यंत चिखल होता. मी मागून छत्री धरून येत होते आणि ती छत्री माझ्याच डोक्यावर होती हे मला तिथे पोचल्यावर कळलं. नर्स एकच बाटली लावून घरी न्या म्हणत होती. तू तिच्याशी भांडलास. "माझा बाप आहे, आणखी एक लावा," म्हणालास. तिने लावली. बाबा झोपले. उठले तेव्हा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली आणि तुला विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

पुढचं जिल्ह्याच्या दवाखान्यातलं. व्हरांड्यात डॉक्टर इव्होनी सोबत आलेल्या नर्सला विचारत होत्या, "आधी जीवनसत्त्व न देता साखर कुणी चढवली?" प्रश्न नर्सला होता. तू मध्ये उभा होतास म्हणून तुला लागला. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं तेव्हाच मला कळलं होतं की तू आता इथे राहत नाहीस. महिन्याभरात बेकरीतल्या कामाचं निमित्त झालं. जाताना माझी मोठी कात्रीही घेऊन गेलास, कशाला ते देव जाणे. आणि तू अजून त्या व्हरांड्यातच उभा आहेस. बेकरीत फक्त तुझे हात पीठ मळतात.

यंदा जूनमध्ये डॉक्टर इव्होनी गावात तपासणीला आल्या होत्या. मी ब्लाउजाचं माप घ्यायच्या निमित्ताने त्यांना घरी आणलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "मला सरळ सांगा. माझ्या भावाने बाटली लावायला लावली म्हणून हे झालं का?" त्या लगेच 'छे छे' म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांनी मापाचा टेप गुंडाळून ठेवला आणि मला समोर बसवलं. मग म्हणाल्या की साखर पचवायला मेंदूला एक जीवनसत्त्व लागतं. जे न जेवता नुसतं पितात त्यांच्यात ते उरतच नाही. तुमच्या वडिलांचं कित्येक महिन्यांपासून संपत आलं होतं, पाय, तोल, डोळे, ती सगळी त्याचीच लक्षणं. त्यात साखर गेली, त्याने भर पडली असेल. नसेलही. ते आता कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. "पण एक सांगू शकते," त्या म्हणाल्या, "त्याने त्यांना उचलून आणलं नसतं, झोपू दे म्हणून घरीच ठेवलं असतं, तर आज तुमच्याकडे थापा मारायलाही वडील नसते. पुढची इंजेक्शनं मी कुणाला दिली असती?"

मी तुला यातला एक शब्द गाळून सांगितलेला नाही. 'भर पडली असेल' हेसुद्धा लिहिलंय, कारण तू लहानपणापासून माझी खोटी शपथ ओळखतोस. पण ऐक. भर तर सगळ्यांनीच घातली. ज्याने ग्लास भरला त्याने, ज्याने रस पाजला त्याने, पाय फाकून चालून दाखवणाऱ्याने, हसणाऱ्यांनी. घरोघरी मातीच्या चुली, दिविनो. मग एकट्या तुझ्याच अंगाला राख फासून तू शहरात का बसलायस?

आणि हेही तुला कुणी कळवलं नसेल. आता आपल्या आरोग्य केंद्रात पिऊन पडलेला कुणीही आला की आधी त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, बाटलीचं नंतर बघतात. डॉक्टर इव्होनींनी तसं ठरवून दिलंय. लोकांना एवढं मोठं नाव कुठलं घेता येणार, ते बाबांच्या नावाने म्हणतात 'ओलिंपियोची सुई'. सुतार बेल्मीरो मागच्या फेब्रुवारीत बाबांसारखाच झाला होता, तेच डोळे, तेच फाकलेले पाय. त्याची बायको रस्त्यातूनच ओरडत गेली, "आधी ओलिंपियोची सुई द्या." आज बेल्मीरो चालतोय, आणि माझं कपाट सहा महिन्यांपासून अर्धवट ठेवलंय हे त्याच्या चांगलं लक्षात आहे, फक्त तो येत नाही. बाबांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आपल्या नावाने कुणीतरी शिवणाची सुई काढली आहे. मला म्हणतात, "तुला फुकट देतात का बघ."

बाकी गावाची बातमी म्हणजे गुमेरसिंदो. तेव्हापासून फेरी निघाली नाही, निशाण त्याच्याकडे पेटीत आहे. यंदा त्याने ठरवलंय, काढायची. म्होरक्या म्हणून तोच गाणार आहे. आवाज तुला माहीत आहे. सराव करताना बेसूर झाला की म्हणतो व्हियोला हलकी आहे, नाचता येईना अंगण वाकडं. सराव आपल्याच अंगणात चालतो आणि दर वेळी बाबा नव्याने ऐकतात की म्होरक्या गुमेरसिंदो आहे, दर वेळी नव्याने संतापतात. "याला कुणी नेमलं? याच्या गळ्यात बेडूक बसलाय." मग स्वतः व्हियोला ओढून घेतात. आणि दिविनो, तेव्हा मला मशीन थांबवावं लागतं. एक तार चुकत नाही. एक शब्द चुकत नाही. पंचवीस कडवी सलग, आणि सव्विसावं समोर जे दिसेल त्यावर. परवा माझ्यावर केलं, की दारातल्या शिंपिणीने जगाला झाकलं आणि स्वतःची बाही फाटकीच ठेवली. बाही खरंच फाटली होती. गुमेरसिंदो म्हणाला, "मी झांजच वाजवतो, दादा." आणि रडला, पण तो कशानेही रडतो. यंदाची फेरी आपल्या घरी संपायची आहे. निशाण घरात आणायला मात्र अजून माणूस ठरलेला नाही. गुमेरसिंदो कुणाचं नाव घेत नाही, मीही घेत नाही.

तू आलास, तर काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात मोडून पडायला नको. ते तुला ओळखणार नाहीत. अधिकारी म्हणून मान देतील, कॉफी देतील, पहिला थेंब सांडतील आणि विचारतील, वाटेत माझा पोरगा दिसला का? तू 'बाबा, मला माफ करा' म्हणालास तर ते लगेच करतील, ते कुणालाही माफ करतात. पण कशाबद्दल ते त्यांना कळणार नाही, आणि पाव तासाने तुला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मी त्या वाटेने जाऊन आले आहे. तिथे काही मिळत नाही. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बस आणि पोरगा कुठे गेला ते विचार. तीन वर्षं मी रोज ते ऐकते आहे. तू तारा आणल्यास, मासे आणलेस, बिशपला हसवलंस, विहिरीत पडलेलं कोकरू काढलंस. हजार थापा झाल्या असतील, त्यातल्या एकीतही तू वाईट नाहीस.

आणि आता, हे पत्र का लिहिलं ते. मंगळवारी बाबा अंगणात घेवडा सोलत बसले होते. मी शेजारी काजं करत होते. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. ते शेंग हातात धरून थांबले आणि म्हणाले, "पोराने मला पाठीवर घेतलं होतं. चिखल होता. त्याच्या पाठीला कान लावला की आत धडधड ऐकू यायची. मी म्हटलं, ठेव मला खाली, दमशील. तर म्हणतो, नाही ठेवणार." मग पुन्हा शेंग सोलायला लागले. दिविनो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी नाही, गुमेरसिंदो तर तेव्हा मंडपात होता. ते तुला खाली ठेव म्हणाले होते का, तू नाही म्हणालास का, हे मला ठाऊक नाही, मी मागे होते. तुलाच ठाऊक असेल. डॉक्टरांच्या मते त्या दिवसातलं काही उरायला नको. थाप असेल, खरं असेल, पण उरलं असेल तर बाटली उरलेली नाही, तुझी पाठ उरली आहे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बाबा, पोराने पाठीवर घेतलेलं सांगत होतात ना? तर म्हणाले, "कुठला पोरगा? कसली पाठ?" त्यांच्याकडून ते निसटलं. आता ते जगात फक्त माझ्याकडे आहे, आणि ते माझं नाही. म्हणून पाठवते आहे. ये. गेल्या ईस्टरला तू आला होतास, मला माहीत आहे. बसमधून उतरलास, समोर आरोग्य केंद्राचं दार बघितलंस आणि त्याच बसने परत गेलास. गुमेरसिंदोने तुला बघितलं होतं, मिशीसकट. म्हणून या खेपेला तिथे उतरू नकोस. त्याच्या आधी उसाच्या घाण्यापाशी उतर आणि डोंगराला वळसा घालून मागच्या अंगणात ये. काटे आहेत, रडलास तरी चालेल. बाबांना विचारलंस तर तेही हेच सांगतील. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परत यायचं नसतं.

तुझीच,
इदालिनाताई

ता. क. माझी मोठी कात्री आणायला विसरू नकोस. या घरात विसरायचं काम एकाकडे दिलेलं आहे.